मदत हवी आहे: लागोस-इबादान रस्ता, जुने टायर आणि ड्रायव्हरकाका

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ महिने झाले, आम्ही नायजेरियात इबादानला राहतोय. दर पंधरवड्याला कंपनीच्या गाडीने लागोसला जातो. तिथल्या इलुपेजू भागातून तूरडाळ, पोहे, हिंग भरून आणायचं. सहा वर्षांची लेक बरोबर असतेच. एक्सप्रेसवे साधारण १२७ किलोमीटरचा.

गेल्या शनिवारी ओगेरेच्या जरा अलीकडे मागचा टायर फुटला. गाडी नुसती झोकांड्या खात होती. ड्रायव्हरकाकांनी ब्रेकला पायसुद्धा लावला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू कडेला घेतली. शेजारून ट्रेलर असे जात होते की उभी गाडी हलायची. काकांनी मागे 'सी-कॉशन' ठेवलं (धोक्याच्या त्रिकोणाला इथे हेच म्हणतात) आणि स्टेपनी चढवली. मी तोवर फुटलेल्या टायरवरचं वाचत होते. डॉट या अक्षरांपुढच्या आकड्यांत शेवटचे चार होते २३१५. घरी येऊन शोधलं, तर म्हणे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला! कंपनीत विचारलं तर उत्तर आलं, "सहा महिन्यांपूर्वीच चारही बदललेत."

मग हे कसं काय? आणि काकांना कसं सांगू? माणूस साठीचा, अतिशय सज्जन. माझ्यामुळे त्यांची नोकरी जायला नको. दुसरं, मी स्वतः चालवू का? औरंगाबादला वाळूजच्या ट्रॅफिकमध्ये बारा वर्षं चालवलीय.

इकेजाकर:
ताई, कंपनी खोटं बोलत नसेलही. बदललेत, पण 'टोकुन्बो' टाकले असणार. टोकुन्बो म्हणजे परदेशात वापरून झालेला माल. मुळात हे योरुबा नाव, परदेशात जन्मून घरी आलेल्या बाळाला ठेवतात. गाड्या, फ्रिज, टायर, सगळं टोकुन्बो मिळतं. टायरची नक्षी छान दिसते, पण रबर आतून वाळलेलं असतं. त्यात इथलं ऊन आणि वेग.

एफआरएससी, म्हणजे १९८८ साली स्थापन झालेलं फेडरल रोड सेफ्टी कॉर्प्स, खराब टायरला दंड करतं. पण पावती फाडली जाते ती स्टिअरिंगवर बसलेल्याच्या नावाने. म्हणून काकांना काही सुनावू नका. चारही टायरच्या आकड्यांचे फोटो काढा आणि तुमच्या यजमानांना कंपनीला लेखी मेल करायला सांगा. तोंडी सांगितलेलं इथेही हवेतच विरतं. १२२ हा एफआरएससीचा नंबर फोनमध्ये ठेवा.

स्वतः चालवण्याबद्दल: १९७२ पासून इथे वाहनं उजवीकडून चालतात. हात बसेल चार दिवसांत, नजर बसायला वेळ लागतो. वळताना आपण सवयीने चुकीकडे बघतो. हौस असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट घेऊन रीतसर लायसन्स काढा. फोटो आणि ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्याला 'कॅप्चर' म्हणतात. आधी कॉलनीत चालवा. एक्सप्रेसवेवर नको, आणि अंधार पडल्यावर तर काकांबरोबरही नको.

भटकभवानी:
वाळूज वाचून हसू आलं. बजाजचा कारखाना तिथलाच ना! तुमच्या दारासमोरची पिवळी केके (इथली तीनचाकी रिक्षा) बहुतेक बजाजचीच असेल! केके नापेप हे नाव तिला सरकारच्या गरिबी निर्मूलन योजनेवरून पडलं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. टँकर उलटलेला दिसला तर बघायला थांबू नका, लगेच लांब जा. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिगावा राज्यात माजिया इथे सांडलेलं पेट्रोल भरायला लोक धावले आणि भडका उडाला. दीडशेच्या वर माणसं गेली.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. काल टॉर्च घेऊन सगळे टायर बघितले. उरलेले तिन्ही २०१५-१६ चे. स्टेपनी २०१२ ची, म्हणजे शनिवारी आम्ही तिच्यावर बसून घरी आलो!

मी वाकून बघत असताना काका मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, रागावले. तर म्हणाले, "मॅडम, मी तीनदा सांगितलं त्यांना. ओगा लिहितील तर ऐकतील." (ओगा म्हणजे साहेब, माझा नवरा.) इतके दिवस मी त्यांना कसं सांगू या विचारात होते, आणि ते बिचारे मला कसं सांगावं या विचारात!

मेल आज रात्री लिहायचाय. काकांचं नाव येऊ द्यायचं नाही. टायर कुणाच्या सहीने आले हे विचारू का, की आत्ता फक्त नवे मागू? अशा मेलचा अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा, पुढच्या शनिवारी पुन्हा जायचंय.