शब्द कळले नाहीत, पण त्यात गाणारीचा दोष नाही

वरती कोणीतरी म्हटलंय की कॉलेजातल्या कॉन्सर्टमध्ये सोप्रानोचा (पाश्चात्य संगीतात सगळ्यात उंच पट्टीत गाणारीचा) आवाज भारी होता पण एक शब्द कळला नाही. बरोबरच आहे, पण ते परक्या भाषेमुळे नाही हो, जर्मन लोकांनाही जर्मन गाण्यात तेच होतं. सूर सेकंदाला ७००-८०० कंपनांच्या वर गेला की आ, ई, ऊ वेगळे ओळखू येतात ते तोंडातल्या ज्या अनुनादामुळे (तोंडाच्या पोकळीत आवाज घुमतो त्यामुळे), त्याच्याही वर सूर निघून जातो, मग जबडा मोठा उघडून तो अनुनाद सुराला जुळवावा लागतो आणि सगळं आ-आ ऐकू येतं, पण त्याच युक्तीने आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो (हॉलचे पंखे घरघरत असले तरी!).

आणि "आपल्याकडे कुठे असं कोणी गातं" म्हणणाऱ्यांसाठी: सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ मुंबईच्याच, जन्म १९६०चा, शिकल्या लंडनच्या गिल्डहॉल या संगीतशाळेत. ब्रिटिश संगीतकार जॉन टॅव्हनरने त्यांच्या आवाजासाठी ३०च्या वर रचना केल्यात, १९९२च्या त्याच्या 'मेरी ऑफ इजिप्त' ऑपेरात मुख्य भूमिका त्यांचीच. २००९पासून त्या आणि त्यांचे पियानिस्ट नवरे भारतात येऊन गाणाऱ्या पोरांना शिकवतायत, ते का कोणी लिहीत नाही कळत नाही. बाकी आयोजकांनी गाण्यांचे शब्द आणि अर्थ छापून एक कागद वाटला असता तर अर्धी तक्रार मिटली असती.