विषय : दिवाळीच्या सुट्टीत लंडन आणि आर्सेनलचा सामना

प्रेषक : विलेपार्ले (पूर्व), मुंबई

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे थोरले दीर लंडनमध्ये हॅरोला राहत असताना त्यांनी माझे नाव मंडळाच्या पत्रव्यवहाराच्या या यादीत घातले होते. ते पुढे अमेरिकेला गेले, मी मात्र येथेच राहिले, आणि आज प्रथमच काही विचारण्यासाठी लिहीत आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब लंडनला यावे असे आमच्या घरी ठरत आहे. कारण खरे तर एकच आहे. आमची थोरली लेक नववीत असून आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबची इतकी निस्सीम चाहती आहे की शनिवार-रविवारी आमच्या रात्रीच्या जेवणाची वेळसुद्धा सामना पाहून ठरते. आम्ही दोघे, थोरली, नऊ वर्षांचा धाकटा आणि माझ्या सासूबाई असे पाच जण येऊ. सासूबाईंचे गुडघे अलीकडे कुरकुर करतात. तरीही ‘तुम्ही आत आणि मी हॉटेलात’ ही वाटणी त्यांना मुळीच मान्य नाही. त्यांचे वडील गिरगावातून चालत कूपरेजला रोव्हर्स चषकाचे सामने पाहायला जात असत, त्यामुळे या घरात फुटबॉल नातीने नव्हे तर आपण आणला, असे त्या ठणकावून सांगतात.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीज उरकली की लगेच निघावे, १४ किंवा १५ नोव्हेंबरला सामना पाहावा आणि शाळा सुरू होण्यापूर्वी परतावे, असा आमचा बेत आहे. विमानाची तिकिटे आत्ता स्वस्त दिसत आहेत, परंतु ती रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत. सामन्याची तिकिटेही एका संकेतस्थळावर विक्रीला ठेवलेली दिसतात. त्यांची किंमत पाहून ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. तेथून घ्यावीत का? पाचही जागा शेजारी-शेजारी मिळतील का? शिवाय त्याच व्हिसावर दोन दिवस पॅरिसला जाऊन येता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र,
पार्ल्याची एक सभासद

*

प्रेषक : वेम्बली, लंडन

सौ. वहिनी, स. न. वि. वि.

विमानाची तिकिटे अद्याप काढली नसतील तर आज काढू नका. ९ ते १७ नोव्हेंबर २०२६ हा काळ फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेला आहे. त्या दिवसांत खेळाडू आपापल्या देशांकडून खेळायला जातात आणि आर्सेनल जिच्यात खेळते ती इंग्लंडची प्रीमियर लीगच काय, स्पेन, जर्मनी, इटली येथील पहिल्या श्रेणीच्या पुरुषांच्या लीगही थांबतात. म्हणजे आपण निवडलेल्या नेमक्या त्याच शनिवारी-रविवारी आर्सेनलच्या पुरुष संघाचा सामना नाही. आपली दिवाळी आणि फिफाचा हा राखीव काळ यंदा एकमेकांवर आदळले आहेत, याला कोणाचाच इलाज नाही.

त्यामुळे दोनच वाटा उरतात. दिवाळीपूर्वीच्या शनिवार-रविवारी येऊन फराळाला घरी परतावे, किंवा शाळेची दोन-चार दिवसांची रजा घेऊन २१-२२ नोव्हेंबरचा सामना धरावा. पहिल्या वाटेत सासूबाईंचा चिवडा-चकलीचा घाणा हुकेल, दुसऱ्या वाटेत मुलांची शाळा. कोणते सोपे ते आपणच ठरवावे. मात्र दोन्ही वाटांना एक गोष्ट सारखीच लागू आहे, आणि माझ्या मते सगळ्या बेताची मेख तिच्यातच आहे. वेळापत्रक जाहीर होते तेव्हा प्रत्येक सामन्यापुढे जी तारीख छापलेली असते, ती पक्की नसते. कोणता सामना दूरचित्रवाणीवर दाखवायचा याची निवड नंतर, सामन्याच्या काही आठवडे आधी होते, आणि त्या निवडीनुसार शनिवारी दुपारी तीनचा सामना शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी किंवा सोमवारी रात्री आठलाही जाऊ शकतो. संघ आठवड्याच्या मध्याला युरोपीय स्पर्धेत खेळणार असेल तर ही हलवाहलव आणखी वाढते. म्हणून ज्या आठवड्यात यायचे त्यात शुक्रवार ते मंगळवार सलग लंडनमध्ये राहता येईल असाच मुक्काम ठेवावा आणि बाकीची भटकंती त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवावी. रविवारी रात्रीचे परतीचे विमान घेऊन येणारी कितीतरी मंडळी सोमवारचा सामना विमानतळावर मोबाईलवर पाहताना मी पाहिली आहेत.

जाता जाता एक गंमत सांगतो. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत इंग्लंडमध्ये कोणताही फुटबॉल सामना थेट दाखवण्यास बंदी आहे, लोकांनी घरी न बसता मैदानावर यावे म्हणून. तीनचा जो सामना आपण पार्ल्यात जेवता जेवता पाहता, तो आम्हाला येथे टीव्हीवर दिसत नाही.

आता तिकिटांविषयी. आपण लिहिलेल्या संकेतस्थळाच्या वाटेला जाऊ नका. क्लबच्या परवानगीविना फुटबॉलचे तिकीट पुन्हा विकणे हा येथे १९९४ च्या फौजदारी कायद्याखाली गुन्हा आहे. विकणाऱ्याला शिक्षा होईल तेव्हा होईल. आपले नुकसान आधी होते, कारण क्लबने ते तिकीट रद्द केले तर फाटकाशी फोन टेकवल्यावर हिरव्याऐवजी लाल दिवा लागतो आणि सासूबाईंसह पाचही जण थंडीत बाहेर उभे राहतात. सरळ मार्ग म्हणजे क्लबचे सभासदत्व घेणे. ते परदेशातूनही मिळते आणि मुलांसाठी वेगळे असते. त्यानंतर ज्या सामन्याचे तिकीट हवे त्यासाठी अर्ज करायचा आणि म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघण्याची वाट पाहायची. प्रत्येक सभासदाला एकच तिकीट मिळते, म्हणून पाच जणांची पाच सभासदत्वे लागतात आणि एकत्र अर्ज करण्यासाठी ती खाती एकमेकांना जोडून ठेवावी लागतात. सोडतीत नाव आले नाही तरी निराश होऊ नये. ज्यांना सामन्याला जाता येत नाही असे सभासद आपली जागा क्लबच्याच संकेतस्थळावर परत देतात आणि शेवटच्या दिवसांत त्या जागा एकेक करून सुटत राहतात. पाच एकत्र मिळणे कठीण, दोन आणि तीन मिळणे बऱ्यापैकी शक्य. हमखास जागा हवी असेल तर क्लबचीच जेवणासह विकली जाणारी महागडी तिकिटे असतात. मध्यमवर्गीय माणसाने त्यांची चौकशी करावी आणि फोन ठेवून द्यावा.

आणखी एक पर्याय सुचवतो, आणि तो दुय्यम समजू नये. आर्सेनलचा महिला संघ २०२५ मध्ये बार्सिलोनाला हरवून युरोपचा विजेता झाला आणि आता पुरुष संघाचे एमिरेट्स हेच त्यांचेही मुख्य मैदान आहे. महिला फुटबॉलचे आंतरराष्ट्रीय वेळापत्रक पुरुषांपेक्षा वेगळे असते, त्यामुळे आपण येणार त्या दिवसांत त्यांचा घरचा सामना आहे का, ते अवश्य पाहावे. तेच मैदान, तीच लाल-पांढरी गर्दी, तिकीट पुष्कळ स्वस्त, आणि पाच जागा एका रांगेत मिळण्याची आशा कितीतरी अधिक. नववीतल्या मुलीला तो सामना कदाचित अधिकच भिडेल.

सासूबाईंसाठी जागा खालच्या मजल्यावरची घ्यावी, वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढणीला उभ्या आहेत. गोल होण्याची चिन्हे दिसली की पुढचे सगळे ताडकन उभे राहतात, याची त्यांना आधी कल्पना द्यावी. पाहुण्या संघाच्या रंगाचा सदरा घालून घरच्या प्रेक्षकांत बसू नये, तेथे त्याची थट्टा होत नाही, सरळ बाहेर काढतात. ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. हीथ्रोहून येणारी पिकॅडिली लाईन थेट आर्सेनल स्थानकावर जाते; या स्थानकाचे नाव १९३२ पर्यंत गिलेस्पी रोड असे होते. सामना सुटल्यावर मात्र तेथे न शिरता फिन्सबरी पार्कपर्यंत सावकाश चालत जावे. वेळ असल्यास वाटेत हायबरी येथे क्लबचे जुने मैदान पाहावे. २००६ मध्ये क्लब तेथून हलला, जुन्या स्टँडच्या दर्शनी भिंती तशाच ठेवून मागे घरे बांधली आणि मैदानाच्या जागी आता बाग आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर सव्वाचारच्या सुमारास येथे सूर्य मावळतो, तेव्हा हे सर्व दुपारीच उरकावे.

आपला,
वेम्बलीचा एक जुना सभासद

*

प्रेषक : दादर, मुंबई

वहिनी, काकांनी सामन्याचे सर्व सांगितले आहे, मी केवळ कागदपत्रांविषयी लिहिते.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने मागता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकाल बहुधा तीन आठवड्यांत येतो. म्हणजे नोव्हेंबरच्या प्रवासासाठी ऑगस्टच्या उत्तरार्धात अर्ज भरून मोकळे व्हावे. गणपतीत हे काम ठेवू नये. मुलांचेही अर्ज स्वतंत्र भरावे लागतात. व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारे कोणतेही आरक्षण करू नये, असे ब्रिटिश सरकार स्वतःच सांगते. सामन्याचे तिकीट जोडण्याची आवश्यकता नाही. बँकेचा नियमित जमाखर्च, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र आणि मुलांच्या शाळेचे पत्र अधिक उपयोगी पडते. धाकट्याचा पासपोर्ट आधी उघडून पाहा, कारण लहान मुलांचा पासपोर्ट आपल्याकडे पाचच वर्षांचा असतो आणि घाईत नेमका तोच संपलेला निघतो.

पॅरिसला त्या व्हिसावर जाता येणार नाही. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा वेगळा, शुल्क वेगळे, प्रवास विमा वेगळा. दोन दिवसांसाठी पाच जणांचा हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा ते दोन दिवस लंडनलाच द्यावेत, असे मला वाटते.

आपली,
दादरची सभासद

*

प्रेषक : विलेपार्ले (पूर्व), मुंबई

काका आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॅरिस रद्द झाले आहे.

काल रात्री घरी बराच वेळ चर्चा होऊन २१-२२ नोव्हेंबरचा आठवडा ठरला. दिवाळीपूर्वी निघण्यास सासूबाईंनी साफ नकार दिला. घरात फराळ न करता परदेशी जाणे त्यांना पटण्यासारखे नव्हतेच. मुलांच्या शाळेला मी पत्र लिहिले असून मुख्याध्यापिकांनी ‘सहामाहीचे पेपर झालेले असतील, तेव्हा हरकत नाही’ असे तोंडी कळवले आहे. मुक्काम गुरुवार ते बुधवार ठेवत आहोत, म्हणजे सामना सोमवारी रात्री गेला तरी अडचण येणार नाही, आणि महिला संघाचा घरचा सामना त्या दिवसांत बसला तर आधी त्याचीच तिकिटे काढू. हे ऐकून थोरली म्हणाली की मग दोन्ही सामने पाहू. तिच्या वडिलांनी त्यावर अद्याप काहीही मत दिलेले नाही.

पाच सभासदत्वांपैकी दोन आज घेतली. सासूबाईंचे घेताना त्यांचा स्वतंत्र ई-मेल पत्ता मागितला गेला, तो आज संध्याकाळी नात उघडून देणार आहे. काका, खालच्या मजल्यावर गोलच्या मागच्या जागा घ्याव्यात की बाजूच्या, एवढे कळवावे, म्हणजे अर्ज भरताना तीच पसंती नोंदवता येईल.

आपली,
पार्ल्याची सभासद