एम.एस्सी.साठी विद्यापीठ निवडताना परिसराच्या आकाराला किती महत्त्व द्यावे?

धरमपेठेतील पालक : माझी मुलगी यंदा नागपुरातून बी.एस्सी. पूर्ण करते आहे. भौतिकशास्त्रातील एम.एस्सी.साठी आपले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, पुणे विद्यापीठ आणि हैदराबाद विद्यापीठ असे तीन पर्याय तिच्यासमोर आहेत. अभ्यासक्रमांची तुलना आम्ही केली आहे. प्रश्न राहण्यावागण्याचा आहे. पुण्याचा परिसर सुमारे ४११ एकरांचा, हैदराबादचा तर सुमारे २३०० एकरांचा. एवढ्या पसाऱ्यात ती एकटी पडेल, की उलट खुलेल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

अभ्यंकरनगर : ताई, केवळ एकरांवरून अंदाज बांधू नका. आपल्या नागपुरातलेच उदाहरण पाहा. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचा परिसर २१४ एकरांचा असला तरी तो भर वस्तीत आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकले की शहर सुरू होते, त्यामुळे तिथली मुले संध्याकाळी बजाजनगर, शंकरनगरकडे सहज पांगतात. आयआयएम नागपूर २०१५ साली याच परिसरात सुरू झाले आणि पुढे विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पात स्वतःच्या १३२ एकरांवर गेले. क्षेत्रफळाने ते लहान, पण शहरापासून दूर असल्यामुळे जेवण, खेळ, चर्चा, भांडणे आणि मैत्री हे सारे कुंपणाच्या आतच घडते. माझ्या मते विद्यापीठाचा स्वभाव यातून ठरतो : विद्यार्थी कुठे राहतात आणि तास संपल्यावर त्यांना आत थांबावेसे वाटते का. हैदराबाद विद्यापीठ १९७४ साली स्थापन झाले, तेव्हा गच्चीबावली, म्हणजे त्याचा परिसर आहे तो भाग, शहराबाहेर होती. आज भोवती उंच इमारती उभ्या असल्या तरी आत खडक, तळी आणि झाडी आहे. तिथे मनाला निवांतपणा मिळतो. मात्र वसतिगृहापासून विभाग लांब असेल तर रात्री प्रयोगशाळेत थांबण्याचा उत्साह हळूहळू मावळतो, आणि संशोधनाची गोडी लागण्याच्या वयात हे नुकसान मला मोठे वाटते.

सिव्हिल लाइन्सकर : आपल्या विद्यापीठाची बाजूही मांडतो. १९२३ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ शहरासोबत वाढले, म्हणून बरेचसे विभाग अमरावती मार्गावर असले तरी जुनी कार्यालये आणि संलग्न महाविद्यालये गावभर पसरलेली आहेत. याचा तोटा असा, की घरून ये-जा करणारा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी इतिहासाच्या किंवा भाषेच्या विद्यार्थ्याला क्वचितच भेटतो. तास संपला की प्रत्येक जण आपापल्या दिशेने जातो. निवासी विद्यापीठात खानावळीतल्या एकाच बाकावर या भेटी आपोआप होतात, आणि मला त्यांचे मोल पदवीइतकेच वाटते. तरीही घरच्यांचा आधार आवश्यक असेल, तर नागपूर निवडण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त तिने विभागाच्या ग्रंथालयात संध्याकाळपर्यंत थांबण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी.

धरमपेठेतील पालक : दोघांचेही मनःपूर्वक आभार. ती अबोल आहे, म्हणून लहान जागा बरी, असा माझा समज होता.

अभ्यंकरनगर : अबोल मुलांसाठी परिसरापेक्षा तुकडीचा आकार महत्त्वाचा असतो. वर्गात मोजकी मुले असतील, तर विस्तीर्ण परिसरातही शिक्षक तिला नावाने ओळखतील. शंभर जणांच्या वर्गात एकाच इमारतीत राहूनही ती मागच्या बाकावर हरवू शकते. तेव्हा प्रत्येक विभागाला प्रवेशसंख्या विचारा, पहिल्याच वर्षी वसतिगृह मिळते का हे लेखी विचारा आणि शक्य असेल तर सत्र चालू असताना तिला घेऊन तिथे जा. सकाळी गेल्यास फक्त इमारती दिसतील. संध्याकाळी सहानंतर जा, वसतिगृहापासून विभागापर्यंतचे अंतर तिला स्वतः चालू द्या, आणि ग्रंथालय व चहाच्या टपरीजवळ कोण बसले आहे ते तिलाच पाहू द्या. निर्णय तिने घ्यावा.