विंडोज पुन्हा टाकण्याआधी हे बघा

वायफाय जोडलेलं, पण एकही पान उघडत नाही, म्हणून लगेच विंडोज नव्याने टाकायची घाई नको. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे गूगलच्या या सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघा. उत्तर आलं तर लाइन ठणठणीत, घोडं बहुतेक डीएनएसपाशी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेपाशी, पेंड खातंय. नेटवर्क अडॅप्टरच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरची सेवा) भरा. तरीही नाही, आणि व्हिडिओ कॉल मात्र लागतात? मग प्रॉक्सी (नेट मधल्या सर्व्हरमार्फत चालवायची सोय) सेटिंग बघा. फुकटातली व्हीपीएन ॲप्स काढली तरी कधीकधी तिथलं बटण चालूच राहतं, पत्ता १२७.०.०.१, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःलाच विचारत बसतो. बटण बंद करा. आणि हो, घड्याळात भलतंच साल दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा. तारीख चुकली की साइट खरी असल्याचं प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं आणि पानं अडतात. जुन्या मशीनमध्ये बहुधा मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला असतो.