पूर ओसरल्यावर मनाचं काय? बडोदेकरांचा अनुभव धागा

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्या वर गेलं. गाळ उपसला, भिंती रंगवल्या. तरी आभाळ भरून आलं की पोटात गोळा येणारी घरं आहेतच. या कामातल्या मंडळींनी उपयोगाचं तेवढं लिहावं.

समुपदेशक, कारेलीबाग
पहिल्या दिवसांत कुणाला समोर बसवून ‘काय काय झालं ते सांगा’ म्हणू नका. असं खोदून काढण्याने फायदा दिसत नाही, काहींचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्याला नकोच म्हणते. आधी पाणी, चालू औषधं, फोनचं चार्जिंग, नातेवाइकांशी बोलणं. माणूस आपणहून बोलला तर ऐका. ‘जीव वाचला हे काय कमी आहे?’ म्हटलंत की तो गप्प झालाच. झोप उडणं, दचकणं बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. महिना उलटूनही तीच दृश्यं दिसत असतील, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टर गाठा. मरणाची भाषा आली तर लगेच. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन: 14416, चोवीस तास, मोफत.

शिक्षिका, दांडिया बाजार
विश्वामित्रीत मगरी आहेत, म्हणून पुरानंतर मुलं मगर-मगर खेळतात, खेळू द्या. दर वेळी मगर सगळ्यांना खाते आणि खेळ तिथेच संपतो, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर समुपदेशकाला सांगा. मोठं मूल अंथरूण ओलं करू लागलं तर रागावू नका.

जुने कागद-फोटो जतन करणारे
फ्रीजपेक्षा लग्नाचा अल्बम गेल्याचं दुःख जास्त टिकतं. चिकटलेले फोटो ओढू नका. स्टुडिओत धुतलेले जुने फोटो थंड, स्वच्छ पाण्याच्या ताटात ठेवले की हळूहळू सुटतात. घरच्या प्रिंटरचे मात्र पाण्यात घालू नका, शाई पसरते. चित्राला बोट न लावता, चित्राची बाजू वर ठेवून, सावलीत सुती कापडावर वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट मोबाइलवर टिपून घ्या, मग पुढचं.

मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक
आघातानंतरची वाढ, म्हणजे मोठ्या धक्क्यातून जाताना माणसात होणारा चांगला बदल, मोजणारी मानसशास्त्रज्ञ टेडेस्की-कॅलहून यांची 1996 ची प्रश्नावली 21 विधानांची आहे. वाढ आणि त्रास एकाच माणसात सुखाने नांदतात, म्हणून ‘पुरातून काय शिकलात?’ ही घाई नको. त्यापेक्षा जूनआधी सोसायटीत ठरवा: तळमजल्यावरच्या कोणत्या आजोबांना कोण वर नेणार, इन्व्हर्टर कोण उचलणार. यादीत पूरग्रस्तांनाही काम द्या. नुसते मदत घेणारे ठेवू नका.