दुय्यम सर्व्हरवरची झोन फाइल वाचता येत नाही. तपासणी आणि रूपांतर कसे करावे?

शिरोली_नेटवर्क (प्रश्न)

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे संगणक मी सांभाळतो. आमचा मुख्य डीएनएस सर्व्हर (आमच्या डोमेनमधील नावांचे पत्ते सांगणारा) कारखान्यातच होता आणि त्याची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर पुण्यात भाड्याने घेतलेला आहे. नऊ दिवसांपूर्वी मुख्य सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप घेतला जात असल्याची सर्वांची समजूत होती, पण प्रत्यक्षात तो घेतलाच जात नव्हता. आता उरली आहे ती पुण्याच्या सर्व्हरवरची झोन फाइल (आमच्या डोमेनच्या सर्व रेकॉर्डची यादी), आणि ती एडिटरमध्ये उघडली की अधूनमधून ओळखीची नावे आणि बाकी सगळा अगम्य अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झाली आहे की तिचा प्रकारच वेगळा आहे? दोन्ही सर्व्हरवर बाइंड हे डीएनएसचे सॉफ्टवेअर आहे. एसओए या झोनच्या पहिल्या रेकॉर्डमधील एक्स्पायरचा (मुख्य सर्व्हर न मिळाल्यास प्रत किती काळ वापरायची याचा) आकडा १२०९६०० सेकंद, म्हणजे चौदा दिवस असल्याने माझ्या हाती पाच दिवस आहेत. त्यानंतर पुण्याचा सर्व्हरही आमच्या झोनबद्दल उत्तर देणे थांबवील. कृपया मार्ग सुचवावा.

रंकाळा_रूट

फाइल खराब झालेली नाही. बाइंडच्या ९.९ या आवृत्तीपासून दुय्यम सर्व्हर आपली प्रत मुळातच रॉ (बायनरी) प्रकारात ठेवतो, कारण ती मजकुरापेक्षा लवकर लोड होते. तिचा मजकूर करण्यासाठी बाइंडबरोबरच येणारी नेम्ड-कंपाइलझोन ही आज्ञा वापरावी. लहान एफ या पर्यायाने आत जाणाऱ्या फाइलचा प्रकार रॉ असा सांगावा, मोठ्या एफने बाहेर येणारा प्रकार टेक्स्ट, लहान ओने नव्या फाइलचे नाव, आणि त्यानंतर आधी झोनचे नाव व शेवटी जुनी फाइल, असा क्रम ठेवावा.

एक खबरदारी घ्यावी. जे बदल तुकड्यातुकड्याने आले असतील ते मूळ फाइलमध्ये लगेच न उतरता शेजारच्या जेएनएल (जर्नल) फाइलमध्ये पडून असू शकतात. त्यामुळे पुण्याच्या सर्व्हरवर आधी आरएनडीसी सिंक चालवावे म्हणजे ते मूळ फाइलमध्ये उतरतील, किंवा रूपांतर करताना जे हा पर्याय द्यावा म्हणजे जर्नलही वाचले जाते. पुण्याचा सर्व्हर अजून चालू आहे तोवर डिग या आज्ञेने एएक्सएफआर (संपूर्ण झोनची प्रत) मागूनही हाच मजकूर मिळेल, अर्थात आपल्या पत्त्याला तशी परवानगी दिलेली असेल तर. मुदत संपल्यावर मात्र तो मार्ग बंद होईल, फाइलचे रूपांतर तेव्हाही करता येईल.

मूळ फाइलमधील टिपा परत मिळणार नाहीत, कारण त्या दुय्यम सर्व्हरकडे कधी जातच नाहीत. कोणता रेकॉर्ड कशासाठी ठेवला होता हे आता कारखान्यातील जुन्या माणसांनाच विचारावे लागेल.

शिरोली_नेटवर्क

मनःपूर्वक आभार. रूपांतर एका फटक्यात झाले. सिरीयल (फाइलच्या आवृत्तीचा आकडा, आम्ही तो तारखेवरून ठेवतो) २०२१०७२९०३ निघाला. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि पाणी उतरल्यावर आम्ही सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवला होता. त्यानंतर या फाइलला कोणी हातच लावलेला नाही, हे त्या आकड्यावरून आज कळले.

मात्र आता नवीच अडचण उभी आहे. नवी मजकूर फाइल नेम्ड-चेकझोनने तपासली, तेव्हा त्याने पॅटर्न शॉपमधील संगणकाच्या नावाबद्दल एक इशारा दिला, पण शेवटी ओके म्हटले. तीच फाइल नव्या मुख्य सर्व्हरवर ठेवली तर तो झोन लोड करण्यास नकार देतो. तपासणीत ओके आणि प्रत्यक्षात नकार, यातले खरे काय मानायचे?

राजारामपुरी ७वी गल्ली

दोन्ही खरे आहे, कारण दोघांची शिस्त वेगळी आहे. आपल्या त्या संगणकाचे नाव पॅटर्न_शॉप असे, मध्ये अधोरेषा घालून लिहिलेले असावे. यजमान संगणकाच्या नावात अधोरेषा चालत नाही. टीएक्सटी (मजकुराच्या) किंवा एसआरव्ही (सेवेच्या) रेकॉर्डच्या नावात चालते, म्हणूनच डीमार्क या ईमेलविषयक रेकॉर्डचे नाव अधोरेषेने सुरू होऊनही त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. (वर उत्तर देणाऱ्या रंकाळा_रूट यांनी आपल्या संगणकाला हेच नाव दिले नसेल अशी आशा आहे.)

या नियमाच्या तपासणीला चेक-नेम्स म्हणतात. नेम्ड-चेकझोन काही सांगितले नाही तर त्यावर केवळ इशारा देते, नेम्ड-कंपाइलझोन अशी फाइल नाकारते, आणि बाइंडचा सर्व्हर स्वतः मुख्य झोनसाठी नाकारतो पण दुय्यम झोनसाठी इशाऱ्यावर सोडतो. मग आपले रूपांतर बिनबोभाट कसे झाले, असे आपण विचाराल. रॉ फाइल वाचताना चेक-नेम्स लागूच होत नाही, म्हणून ती तपासणीशिवाय पार पडली. जुन्या मुख्य सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये कोणीतरी ही तपासणी बंद करून ठेवलेली असणार, आणि डिस्कबरोबर ती ओळही गेली. तेव्हा तपासणी करताना के या पर्यायाला फेल हे मूल्य द्यावे, म्हणजे चेकझोन आपल्या सर्व्हरइतकेच कडक वागेल. नवे नाव ठेवताना अधोरेषेऐवजी जोडरेघ वापरावी आणि त्या नावाने जोडलेली यंत्रे आधी शोधावीत.

याहून महत्त्वाचे म्हणजे ओके हा शब्द फाइल वाचता आली एवढेच सांगतो. आपण जे लिहायचे म्हणून बसलो होतो तेच लिहिले गेले की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. नावाच्या शेवटी टिंब नसले की त्यामागे डोमेनचे नाव पुन्हा जोडले जाते. एमएक्स (मेल सर्व्हर सांगणाऱ्या) रेकॉर्डच्या शेवटचे टिंब राहिले तर चेकझोन निदान तक्रार करते, कारण तसे दुहेरी नाव झोनमध्ये सापडत नाही. सीनेमच्या (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या रेकॉर्डच्या) लक्ष्याचे टिंब राहिले तर चकार शब्द काढत नाही. म्हणून रूपांतर पूर्ण शैलीत करावे. एस या पर्यायाला फुल म्हटले की प्रत्येक रेकॉर्ड एका ओळीत, संपूर्ण नावासह येतो, आणि चुकलेल्या ठिकाणी डोमेनचे नाव दोनदा छापलेले डोळ्यांना दिसते. कंटाळवाणे आहे, पण एकदा वरपासून खालपर्यंत वाचा.

शिरोली_नेटवर्क

सर, वाचले, आणि वाचले ते बरेच झाले. एफटीपीच्या सीनेममध्ये डोमेन खरोखरच दोनदा आले आहे. ती सेवा कोणी वापरत नसल्याने कळले नाही. दुसरी गोष्ट गंभीर आहे. आमच्या डीकेआयएमच्या (पाठवलेली ईमेल आमचीच असल्याचे पटवणाऱ्या सहीच्या) टीएक्सटी रेकॉर्डमध्ये किल्लीच नाही. अवतरणचिन्हात सुरुवातीला तिरकी रेघ २२६, तिरकी रेघ १२८, तिरकी रेघ १५६ असे आकडे, त्यापुढे व्ही, बरोबरचे चिन्ह, डीकेआयएम१, आणि तिथेच रेकॉर्ड संपतो. ग्राहकांना पाठवलेली कोटेशने स्पॅममध्ये जातात अशी विक्री विभागाची जुनी तक्रार आहे. हे आकडे कसले?

रंकाळा_रूट

ते वळणदार अवतरणचिन्ह आहे. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट होतात आणि त्यांची दशमान किंमत २२६, १२८, १५६ येते. कोणीतरी किल्लीचा मजकूर वर्डमध्ये चिकटवून तिथून फाइलमध्ये आणला असावा आणि वर्डने सरळ अवतरणचिन्हे वाकडी करून दिली. झोन फाइलला फक्त सरळ चिन्ह समजते. ते नसल्यामुळे पहिला अर्धविराम आला तिथून पुढचे सगळे टीप म्हणून सोडून दिले गेले, कारण झोन फाइलमध्ये टीप अर्धविरामानेच सुरू होते. व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही, म्हणून ओके.

नवी किल्ली सरळ चिन्हांत लिहावी. ती २०४८ बिटांची असल्यास एका तुकड्यात मावणार नाही. प्रत्येक तुकडा २५५ बाइटच्या आत ठेवून ते एकापुढे एक स्वतंत्र अवतरणचिन्हांत द्यावेत.

सर्व दुरुस्त्या झाल्यावर सिरीयल २०२१०७२९०३ पेक्षा मोठा ठेवण्यास विसरू नये, नाहीतर पुणे नवी प्रत उचलणारच नाही. नंतर जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली पूर्ण शैलीत काढून डिफने (दोन फाइलींतील फरक दाखवणाऱ्या आज्ञेने) ताडून पाहाव्यात. एसओए, पॅटर्न शॉप, एफटीपी आणि डीकेआयएम, या चार ओळींखेरीज पाचवी ओळ बदललेली दिसली तर ती का बदलली हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

राजारामपुरी ७वी गल्ली

आणखी एक. चालू सर्व्हरला बिघडलेली फाइल देऊन रीलोड केले तर तो जुनीच प्रत स्मरणात ठेवून उत्तरे देत राहतो, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. वळवाच्या पावसात वीज जाते, सर्व्हर नव्याने सुरू होतो आणि झोन लोडच होत नाही. मे महिन्यात माझ्यावर हा प्रसंग रात्री अकरा वाजता आला होता. तेव्हापासून माझ्या रीलोडच्या स्क्रिप्टमध्ये आधी चेकझोन चालते आणि त्याने शून्य (म्हणजे चूक नाही) परत केले तरच पुढची ओळ चालते. कॉन्फिगरेशनमधील सर्व मुख्य झोन एकदम तपासायचे असतील तर नेम्ड-चेककॉन्फला झेड हा पर्याय द्यावा.

शिरोली_नेटवर्क

डिफमध्ये चारच ओळी आल्या. पुण्याने नवा सिरीयल उचलला आहे. पॅटर्न शॉपमधील दोन यंत्रांवर जुने नाव हाताने घातलेले निघाले, ती उद्या पहिल्या पाळीपूर्वी बदलतो.