च एक, उच्चार दोन

एकांनी विचारलंय की व्याकरणात च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारायचा, म्हणून शिकवतात, मग 'चाक' म्हणताना जीभ टाळूला का लागत नाही? शंका अगदी रास्त आहे. मराठीत च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आहेत. 'चंद्र'मधला च तालव्य. 'चाक'मधला दंतमूलीय, म्हणजे जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं आणि 'त्स'सारखा आवाज निघतो. छ मात्र तालव्यच.

'जग' हा शब्द दोनदा म्हणून बघा. एकदा दुनिया या अर्थाने, मग 'शंभर वर्षं जग' असा आशीर्वाद देताना. अक्षरं तीच, पण जिभेने जागा बदलली की अर्थही बदलला! आता 'माझा' म्हणा आणि लगेच 'माझी'. पुढे ई आली की झ टाळूकडे सरकतो. आमच्या हिंदीभाषक शेजारीण 'माझा'सुद्धा तालव्य म्हणायच्या. आरशासमोर जिभेचं टोक दातांमागे ठेवायला सांगितलं, तर चौथ्या-पाचव्या प्रयत्नात जमलं. किती आनंद झाला त्यांना!

आणखी एक, व्याकरणातला घोष म्हणजे मोठा आवाज नव्हे. घोष वर्णात स्वरतंतू कंप पावतात. गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स' आणि 'म्म्म' म्हणा, फरक बोटांना कळेल. महाप्राण, म्हणजे हवेच्या जोरदार झोतासह उच्चारलेला वर्ण, ओळखण्यासाठी तळहात तोंडासमोर धरून 'त' आणि 'थ' म्हणा. 'थ'ला हवेचा झोत स्पष्ट लागतो.

मुलांना या व्याख्या पाठ करायला लावण्याआधी हे करून दाखवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.